बारावीचे वर्ष : टक्क्यांइतकीच कागदांची तयारी



बारावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी एक प्रश्न विचारतो, "पुढे काय करायचं?" उत्तरं तयार असतात. डॉक्टर, इंजिनिअर, ॲग्री, पोलीस भरती. मग दुसरा प्रश्न विचारतो, "तुमच्या आजोबांचा शाळेचा दाखला कुठं आहे?" वर्ग हसतो. आजचा पाठ या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा माझ्या वर्गात होता. इतर मागास प्रवर्गातला, गणितात पक्का. सीईटीत पर्सेंटाइलही छान आला. पण जात वैधता प्रमाणपत्रासाठी धावाधाव सुरू झाली ती निकालानंतर. वडील म्हणाले, "सर, जातीचा दाखला तर हाय ना आमच्याजवळ!" इथंच घोटाळा होतो. जातीचं प्रमाणपत्र वेगळं आणि त्याची पडताळणी समितीने तपासून दिलेलं वैधता प्रमाणपत्र वेगळं. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला हे दुसरं लागतंच. ते वेळेत आलं नाही. खुल्या प्रवर्गातून जागा मिळत होती, पण तिची फी घरच्यांना झेपणारी नव्हती. जागा गेली.

हा कागद वेळ का खातो, ते समजून घ्या. अर्जासोबत जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागास प्रवर्गासाठी १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल. त्यावर "जि. अकोला" लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्याआधी आपण अकोला जिल्ह्यातच होतो. मात्र कधी कधी त्यामुळेच जुन्या नोंदी शोधायला अकोल्याला चक्कर मारावी लागते. नावात एका अक्षराचा फरक निघाला तर आणखी एक प्रतिज्ञापत्र. हे सगळं आठ दिवसांत होत नाही, बरं का! अभ्यास रात्री जागून भरून काढता येतो, कागद नाही.

म्हणून वर्षाची आखणी अशी करा.

जुलै-ऑगस्ट : जुना पुरावा शोधा. वैधतेचा अर्ज महाविद्यालयामार्फत भरा आणि पावती जपून ठेवा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का, ते तपासा.

दिवाळीची सुट्टी : सोयाबीन निघालेलं असतं, घरची माणसं जरा मोकळी असतात. अधिवास प्रमाणपत्र याच दिवसांत काढून घ्या. अर्जात काही त्रुटी निघाली असेल तर तीही आताच दूर करा.

जानेवारी ते मे : आता फक्त अभ्यास. प्रात्यक्षिक, बोर्डाची लेखी परीक्षा, मग सीईटी किंवा नीट. सीईटीच्या एमएचटी परीक्षेत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटमध्ये उलट आहे. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. तिथं अंदाजपंचे चालत नाही.

एप्रिल : नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. ती ३१ मार्चला संपत असेल तर तो कागद जून-जुलैच्या प्रवेशाला चालणार नाही. नवा काढा. उत्पन्नाचा दाखलाही याच वेळी घ्या.

जून-जुलै : पसंतीक्रम भरताना तीन याद्या करा. मनातली महाविद्यालये, आपल्या गुणांना जमणारी आणि हमखास मिळणारी. क्रम मात्र आपल्या आवडीचाच ठेवा. मित्राची यादी उतरवू नका. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो पक्का धरला जात होता. म्हणून जिथं खरंच जायचं तेच वर लिहा.

आता मुलींच्या पालकांसाठी दोन शब्द. "मुलीला बाहेर पाठवणं परवडत नाही," असं दर वर्षी कानावर येतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच, पण फीच्या भीतीने मुलीचं नाव यादीतून आधीच खोडू नका.

आणि त्या मुलाचं काय झालं? वैधता नंतर मिळाली. तोवर त्याने बारावी विज्ञानाच्या आधारे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. दोन वर्षांत पदविका, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढची तीन वर्षं. चार वर्षांचं काम पाच वर्षांत झालं. एक दार बंद झालं तरी वाट संपत नाही, हे त्याने दाखवलं. पण ते एक वर्ष त्याच्या वडिलांनी कर्ज काढून भरलं, हेही विसरू नका.

स्वाध्याय
१. आपल्या घरातील सर्वांत जुना शालेय दाखला शोधा. त्यावरील नाव, जात, गाव आणि तारीख वहीत उतरवून घ्या.
२. आपल्याकडे असलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रासमोर त्याची मुदत लिहा.
३. पहिला पर्याय हुकला तर दुसरा आणि तिसरा कोणता, हे प्रत्येकी दोन ओळींत लिहा आणि आईवडिलांना वाचून दाखवा.

वही घेऊन या. आपण एकत्र तपासू.