चालतंय ते बंद करू नका

जुन्या जालन्यात गांधी चमनच्या बाजूला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुंडलिकेच्या पलीकडे, नव्या जालन्यात, चकाचक शोरूम आहेत. तिथून "आता नवीनच घ्या" असं ऐकून परतलेल्या मशीन माझ्याकडे येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि चौथ्या, सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हवाल्यांची रीघ लागली. त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बहुतेकांवर मी लिनक्स मिंट टाकून देतो. घरात आठवीपासून कॉलेजपर्यंतचं पोरगं असलं की प्रश्न ठरलेला: "काका, यात व्हॅलोरंट चालन का?" त्याला उत्तरं देता देता जे हाती लागलं ते मांडतो.

१. "लिनक्सवर गेम चालत नाहीत" हे आता खरं राहिलेलं नाही.

गेम विकणारं ऑनलाइन दुकान स्टीम लिनक्सवर आलं २०१३ मध्ये. पण खरा फरक पडला तो ऑगस्ट २०१८ मध्ये, स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं तेव्हा. विंडोजसाठी बांधलेला गेम चित्र काढायला डायरेक्टएक्सकडे मागणी करतो. प्रोटॉन ती मागणी मध्येच पकडून लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनकडे वळवतं. गेमला पत्ताही लागत नाही की खाली विंडोज नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्र तर आतून लिनक्सच आहे. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आता फारशी खटपट न करता सुरू होतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर व्हॉल्व्हने थेट लिनक्ससाठी दिलेत, त्यांना मुंबईचा सर्व्हरही मिळतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला सरसकट "नाही" म्हणायचं मी सोडलंय.

२. घोडं अडतं ते अँटीचीटपाशी.

ऑनलाइन गेममध्ये कुणी भिंतीपलीकडचा शत्रू पाहू नये, आपोआप नेम धरू नये, म्हणून कंपन्या खेळाडूच्या मशीनवर एक राखणदार बसवतात. साधा राखणदार गेमसोबत येतो, गेमसोबत जातो. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड मात्र मशीन सुरू होतानाच सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जाऊन बसतो; तिथून त्याला सगळं दिसतं. लिनक्समध्ये कर्नलच मालकाच्या हातात असतो. त्याने तो उघडावा, बदलावा, पुन्हा बांधावा. मग राखणदाराने भरवसा ठेवायचा कुणावर? कंपन्यांचा हा मुद्दा खोटा नाही. लिनक्सप्रेमी मंडळी तो हसण्यावारी नेतात, ते मला पटत नाही.

पण पुढची गोष्टही खरी आहे. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या राखणदारांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी वाट उघडली. गेम बनवणाऱ्याने ती आपल्या गेमपुरती सुरू करायची, एवढंच उरलं. काहींनी केली, काहींनी नाही. गंमत अशी की ईझी अँटीचीट २०१८ पासून एपिकच्या मालकीचं आहे आणि त्याच एपिकचा फोर्टनाइट लिनक्सवर बंद आहे. म्हणजे "होत नाही" असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा "करायचं नाही" असं ऐकायचं.

३. आज चालणारा गेम उद्या चालेल याची खात्री कुणाला देऊ नये.

रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये लिनक्स आणि मॅकवरचा ऑनलाइन खेळ बंद केला. लीग ऑफ लेजेंड्स कितीतरी वर्षं वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालायचा. २०२४ मध्ये त्यात व्हॅनगार्ड आला आणि विषय संपला. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनने बॅटलआय लावलं, पण लिनक्सची वाट उघडली नाही. ३१ ऑक्टोबर २०२४ ला एपेक्स लेजेंड्सनेही दार लावलं. चीट करणारे लिनक्सच्या आडून येतात हे कारण दिलं.

माझं म्हणणं इथेच आहे. प्रत्येक कंपनीने लिनक्ससाठी वेगळा गेम बांधावा असा माझा हट्ट नाही. त्याला माणसं लागतात, पैसा लागतो, लिनक्सच्या प्रत्येक डिस्ट्रोची (प्रकाराची) रड वेगळी. प्रोटॉनने ते काम बरंचसं उचललंय. कंपनीने दोनच गोष्टी कराव्यात: राखणदाराची ती वाट सुरू ठेवावी, आणि ज्याने पैसे मोजलेत त्याचं चालू असलेलं बंद करू नये. करायचंच असेल तर पैसे परत करावेत. रॉकेट लीगवाल्यांनी निदान तेवढी सोय ठेवली होती.

४. "लिनक्सवाले मूठभर" हे खरं आहे, आणि नाहीही.

आकडा छोटाच आहे. स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्स पहिल्यांदा तीन टक्क्यांवर गेलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. लीग ऑफ लेजेंड्सच्या कंपनीने तर रोजचे लिनक्स खेळाडू आठशेच्या आसपास असल्याचं सांगितलं होतं. आठशे लोकांसाठी कोण डोकं खपवणार, हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला कळतो. मलाही कळतो.

पण माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून बीजीएमआय खेळणारी चार पोरं बघा. "अबे पीछे देख, पीछे!" हा आरडाओरडा, निम्मं मराठी, निम्मी दखनी. त्यांच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस हा बॅटल रॉयल आणला तोही आधी फोनवरच. करोडो लोक रोज लिनक्स कर्नलवर ऑनलाइन गेम खेळतात आणि कोणत्याही कंपनीला त्याचं वावडं नाही. कारण फोनचा कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरचं कुलूप फोन बनवणाऱ्याच्या हातात असतं. दुकानातल्या मिंटच्या मशीनचं कुलूप तुमच्या हातात असतं. भांडण त्या कुलपाचं आहे, लिनक्सचं नाव उगाच पुढे येतं.

५. कर्नलमधला राखणदार कुणाच्या घरात बसतोय, ते आधी विचारा.

एक ताई मशीन घेऊन आल्या होत्या. त्यावर त्यांचं बचत गटाचं खातं, बँकेचं नेट बँकिंग आणि रात्री पोराचा गेम. मी त्यांना गेनशिन इम्पॅक्टच्या अँटीचीट ड्रायव्हरची हकिकत सांगितली: २०२२ मध्ये रॅन्समवेअरवाल्यांनी तोच ड्रायव्हर वापरून अँटिव्हायरस बंद पाडल्याचं उघड झालं. मशीनवर गेम असण्याचीही गरज नव्हती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभर विमानतळांवर निळे पडदे झळकले, तोही कर्नलमध्ये बसणाऱ्या सॉफ्टवेअरचाच प्रताप. ताई ऐकून म्हणाल्या, "मंग याचा गेम दुसरीकडं टाका, माझ्या खात्याजवळ नको." दोन वेगळ्या एसएसडी लावून दिल्या. त्यांच्या भागात लिनक्स.

६. आधी पोराला विचारा, मग फॉरमॅट मारा.

बाप सांगतो "अभ्यासाला पाहिजे", आणि पोरगं बापाच्या मागे उभं राहून डोळ्यांनी वेगळंच सांगतं. तीन गेमची नावं घ्यायची आणि प्रोटॉनवर कोणता गेम कसा चालतो ते सांगणाऱ्या प्रोटॉनडीबी या साइटवर तिथल्या तिथे बघायचं. यादीत व्हॅलोरंट असेल तर तोंडावर नाही म्हणायचं. "विंडोज ११ टाकून द्या मग," म्हणतात. पण विंडोज ११ वर त्याच गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, आणि चौथ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर बहुधा ती टीपीएम २.० चिप सापडत नाही. म्हणजे असं मशीन दोन्हीकडून बाद. व्हर्च्युअल मशीनची आयडिया एखाद्या हुशाराला सुचतेच. अँटीचीट ती ओळखतं, आणि अकाउंट गेलं तर परत मिळवून देणारा मी कोण?

७. सगळं खापर अँटीचीटवर फोडू नये.

एक बारावीचा मुलगा सहाव्या पिढीचं मशीन घेऊन आला. गेम सुरू होऊन काळा पडदा, मग थेट डेस्कटॉप. त्याचं ठाम मत: "लिनक्सच बोगस आहे." झाकण उघडलं तर आत जीटी ७१० कार्ड, पंख्यावर धुळीचा थर. त्या केप्लर पिढीच्या कार्डाला एनव्हिडियाचा ४७० ड्रायव्हरच शेवटचा, आणि तो व्हल्कन १.२ वर थांबतो. प्रोटॉनच्या आत बसून डायरेक्टएक्सची मागणी व्हल्कनकडे वळवणाऱ्या डीएक्सव्हीकेला मात्र दुसऱ्या आवृत्तीपासून १.३ लागतं. चौथ्या पिढीच्या इंटेलमधलं आतलं ग्राफिक्सही इथेच अडकतं. जुनं आरएक्स ५७० मिळालं तर एएमडीचा मोकळा ड्रायव्हर त्याला नीट उचलतो. फक्त आधी एसएमपीएस बघायचा; कार्डाला वीज पुरवता आली पाहिजे. त्याचं कार्ड बदललं आणि त्या दिवसापासून त्याचं लिनक्सबद्दलचं मतही बदललं.

८. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, लिनक्समुळे सुधारत नाही. वायफाय सोडा, वायर लावा. आणि लाइट जाण्याच्या वेळी काउंटर-स्ट्राइकची रँक मॅच सुरू करू नका. मॅच अर्धवट सुटली की खेळायला काही काळ बंदी बसते, मग महावितरणला शिव्या घालत बसावं लागतं.

९. फुकटचे पर्याय चांगले आहेत, पण मित्र तिथे नसतात.

सुपरटक्सकार्टमध्ये २०१९ पासून ऑनलाइन खेळता येतं. झोनोटिक आहे, लुआंटी आहे. नेट गेलेलं असताना दोन मशीन लॅन केबलने जोडून दुकानातच शर्यत लावून देतो. पोरं तासभर रमतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच व्हॅलोरंटचा प्रश्न. कारण वर्गातली सगळी टोळी तिथे आहे. म्हणून "तुम्ही मोकळे गेम खेळा" हा सल्ला मला अपुरा वाटतो. दार उघडायचं ते जिथे टोळी आहे तिथलंच.

आणि ते उघडता येतं. भिंतीआडच्या शत्रूची जागा सर्व्हरने पाठवलीच नाही, तर चीटवाला बघणार काय? व्हॅलोरंटमध्येच ही सोय आहे, आणि समोर विंडोज आहे की लिनक्स याच्याशी तिला देणंघेणं नाही. काउंटर-स्ट्राइक खेळाडूच्या वागण्यावरून भरवसा ठरवून जोड्या लावतं. ज्यांच्या मशीनची खात्री पटत नाही त्यांना वेगळ्या रांगेत खेळवा. पोरं ती रांगही आनंदाने घेतील.

१०. पैसे देण्याआधी स्टोअरचं पान शेवटपर्यंत वाचा.

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस स्टीमने नियम केला: गेममध्ये कर्नलमध्ये बसणारं अँटीचीट असेल तर ते पानावर सांगावंच लागेल. हल्ली सेल लागला की पोरं वडिलांचा यूपीआय घेऊन दुकानात येतात. मी आधी त्यांच्याकडूनच ते पान मोठ्याने वाचून घेतो. अँटीचीटची ती ओळ दिसली की पुढचा प्रश्न विचारतो: याने प्रोटॉनची वाट सुरू ठेवलीय का? उत्तर सापडेपर्यंत क्यूआर कोड दाखवत नाही.