फिकट गुलाबी हिरा घ्यायचाय? पैसे मोजण्याआधी एवढं बघा

सोन्यासाठी जळगाव जवळ आहे, चांदीसाठी खामगाव तर घरचंच. गुलाबी हिऱ्याचा असा बाजार मात्र बुलढाणा जिल्ह्यात नाही. चिखली, मेहकर, मलकापूर किंवा खामगावचा सराफ तो मागवून देईल, पण माल येणार मुंबईहून नाहीतर सुरतेहून. म्हणून निर्णय आधी सांगतो, तपशील नंतर. हिरा अंगावर घालायला हवा असेल, त्याचा गुलाबीपणा तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसत असेल आणि त्यात घातलेल्या पैशांची पुढची काही वर्षं गरज पडणार नसेल, तर घ्या. ‘अडीअडचणीला उपयोगी पडेल’ असा विचार असेल तर घेऊ नका. तेवढ्याच पैशांचं सोनं घ्या.

त्याचं कारण साधं आहे. जूनमध्ये बी-बियाण्याला, खताला पैसे कमी पडले की दागिना बँकेत जातो. सोनेतारण कर्ज देताना बँक फक्त सोन्याचं वजन आणि कस धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खड्यांची, हिऱ्यांची किंमत त्यात धरली जात नाही. दीड लाखाचा हिरा जडवलेली अंगठी तारण ठेवायला गेलात तर कर्ज मिळेल ते तिच्यातल्या चार-पाच ग्रॅम सोन्यावर. विकायला गेलात तर ज्या दुकानातून घेतली त्याच दुकानाची पायरी चढावी लागेल, कारण दुसऱ्या दुकानदाराचा हिरा घ्यायला बहुतेक सराफ तयार नसतात.

आता मालाकडे वळू. जीआयए या प्रयोगशाळेच्या अहवालात गुलाबी रंगाची श्रेणी फेंट, व्हेरी लाइट, लाइट, फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड अशी चढत जाते. डीप आणि डार्क या गडद छटा वेगळ्या. पायरी चढली की भाव नुसता वाढत नाही, उडी मारतो. पहिल्या तीन पायऱ्यांच्या नावात ‘फॅन्सी’ हा शब्दच नाही, तरी तोंडी बोलताना सगळ्याच मालाला ‘फॅन्सी पिंक’ म्हटलं जातं. तुम्ही कागदावरचा शब्द वाचा. शब्दांचा क्रमही बघा, कारण मुख्य रंग शेवटी लिहितात. ‘ब्राउनिश पिंक’ म्हणजे तपकिरी झाक असलेला गुलाबी, ‘पिंकिश ब्राउन’ म्हणजे गुलाबी झाक असलेला तपकिरी. दुसऱ्याला पहिल्याचा भाव देऊ नका.

‘ऑस्ट्रेलियातली खाण बंद झाली, आता भाव वाढतच जाणार,’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. अर्धं खरं आहे. जगातल्या गुलाबी हिऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के माल देणारी आर्गाइल खाण नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. पण लिलावात गाजतात ते गडद रंगाचे दगड. त्यांच्या बातम्या दाखवून फेंट दगड विकला जात असेल तर दुकानातून बाहेर पडा. पांढऱ्या हिऱ्यांसाठी व्यापारात रॅपापोर्टची भावयादी चालते, गुलाबीसाठी तशी यादी नाही. म्हणून एकाच श्रेणीच्या, जवळपास एकाच वजनाच्या दगडाचा भाव किमान तीन ठिकाणी विचारा. ३० सेंटच्या दगडाची तुलना ५० सेंटच्या दगडाशी करू नका (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट). मोठ्या दगडाचा कॅरेटमागचा दरही चढा असतो.

रंग खरा की चढवलेला?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून प्रश्न दोन विचारा आणि दोन्हीची उत्तरं लेखी घ्या. हिरा नैसर्गिक आहे का? आणि त्याचा रंग नैसर्गिक आहे का? खाणीतला खराखुरा हिरा किरणोत्सार आणि उष्णता देऊन गुलाबी करता येतो, वरून पातळ लेप देऊनही करता येतो. असा दगड ‘नैसर्गिक हिरा’ म्हणून विकला तर शब्द खोटा ठरत नाही, तुमचे पैसे मात्र जातात. जीआयएच्या रंगीत हिऱ्यांच्या अहवालात रंगाच्या उगमाची वेगळी ओळ असते. तिथे ‘नॅचरल’ हवं. ‘ट्रीटेड’ किंवा ‘अनडिटरमाइन्ड’ असेल तर नैसर्गिक गुलाबीचा भाव द्यायचा नाही.

लॅब-ग्रोन गुलाबी हिरा हा तिसरा प्रकार. यंत्रात वाढवलेला, बहुतेक वेळा नंतर प्रक्रिया करून गुलाबी केलेला. घालायला सुंदर, खाणीतल्या गुलाबीपेक्षा फारच स्वस्त. तो घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त बिलावर ‘लॅब-ग्रोन’ लिहिलेलं असावं आणि परत विकताना हाती फारसं काही येणार नाही हे धरून चाला. दुकानातलं पेनासारखं टेस्टर वाजलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ते लॅब-ग्रोन आणि खाणीतला हिरा यांत फरक करत नाही, आणि जुन्या पद्धतीचं टेस्टर मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यालाही हिरा म्हणतं.

अहवालाचा नंबर घ्या आणि जीआयएच्या संकेतस्थळावर स्वतः टाका. फुकट आहे, मोबाइलवर दोन मिनिटांत होतं. मग तोच नंबर हिऱ्याच्या कंबरेवर, म्हणजे मधल्या कडेवर, लेझरने कोरलेला आहे का ते दहापट भिंगातून बघा. अहवाल खरा आणि दगड भलताच, असंही होतं. जीआयए आणि आयजीआय या दोन्ही प्रयोगशाळांची केंद्रं मुंबईत आहेत. अहवाल नसलेला दगड ‘नंतर करून देतो’ म्हणून कोणी देत असेल तर अहवाल हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. तपासणीचं शुल्क कोण भरणार हेही आधी ठरवा.

कसा बघायचा

ओळखीच्या सराफाला दोन-तीन दगड जांगडीवर मागवायला सांगा. म्हणजे माल आधी बघायचा, पसंत पडला तरच व्यवहार. दगड सुटाच बघा. गुलाबी सोन्याच्या कोंदणात बसवलेला फिकट दगड आहे त्यापेक्षा गडद दिसतो, जडवणाऱ्यांना ते ठाऊक असतं.

सकाळी दहा-अकराला जा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली रंगाचा अंदाज येत नाही. दगड दाराशी आणा, थेट उन्हात नको, सावलीतल्या उजेडात. ज्या पुडीत तो येतो तिच्या आतल्या कागदालाही कधी कधी रंग असतो. पुडीतून काढून साध्या कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. लाल साडी नेसलेली, मेंदी लावलेली व्यक्ती जवळ असेल तर त्या रंगाचीही छटा दगडात उतरते. आता त्याच्या शेजारी तेवढाच साधा पांढरा हिरा ठेवा आणि घरच्या माणसाला न सांगता विचारा, यातला गुलाबी कोणता? उत्तर पटकन आलं नाही तर जास्तीचे पैसे कशाचे देता? लहान फेंट दगडाच्या बाबतीत हे फार वेळा होतं. चार पावलांवरून तो पांढराच दिसतो.

बिलात काय काय येतं

उदाहरण म्हणून हे आकडे धरा. हिरा दीड लाख, १८ कॅरेटचं सोनं ४० हजार, मजुरी आठ हजार. बेरीज १,९८,०००. त्यावर तीन टक्के जीएसटी ५,९४०. झाले २,०३,९४०. दोन लाखांच्या आतला दागिना कर लागताच दोन लाखांबाहेर गेला. म्हणजे पॅन कार्ड लागणार. आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला सराफाला कायद्याने मनाई आहे. धनादेश, कार्ड किंवा बँकेतून पैसे देण्याची तयारी करूनच जा. ‘दोन बिलं करू’ किंवा ‘कच्च्या बिलावर कर वाचेल’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. वाचतील सहा हजार, पण उद्या दगड खोटा निघाला तर तुमच्या हातात कागदच नसेल.

सुटा पैलू पाडलेला हिरा घेतला तर जीएसटी दीड टक्का, दागिन्यात जडवलेला घेतला तर पूर्ण रकमेवर तीन टक्के. वरच्या उदाहरणात हिऱ्यावरचे २,२५० रुपये वाचतात. तेवढ्यासाठी दगड एकाकडून आणि जडणावळ दुसऱ्याकडून करून घेऊ नका. दगडाला कड उडाली तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

सोन्याचं वजन निव्वळ लावलंय का ते बघा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. वजन दगडांसकट लावलं आणि मधला दगड व बाजूचे छोटे हिरे मिळून दीड कॅरेट झाले तर ३०० मिलिग्रॅम सोन्याचा दर तुम्ही फुकट मोजाल. १८ कॅरेटवर २२ कॅरेटचा दर लागत नाही ना, हेही पाहा. घट आणि मजुरी अशा दोन वेगळ्या रकमा असतील तर एक काढायला सांगा. हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५३ रुपये १० पैसे. याच्यावर कोणी मागत असेल तर पावती मागा. दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक (एचयूआयडी) ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही.

बिलावर एवढं हवंच: हिऱ्याचं वजन, नैसर्गिक की लॅब-ग्रोन, रंगाची श्रेणी आणि रंगाचा उगम, अहवालाचा नंबर, सोन्याचं निव्वळ वजन, आणि परत घेण्याची अट. ‘शंभर टक्के बदलून देऊ’ या बोलण्यात बदलून म्हणजे दुसरा दागिना, रोख नव्हे. रोख हवी असेल तर किती कापणार, आणि खरेदीच्या किमतीवर की त्या दिवशीच्या भावावर, हे लिहून घ्या. जुन्या सोन्याची मोड देणार असाल तर तिचा हिशोब वेगळ्या ओळीत मागा. हिरा महाग वाटू नये म्हणून मोडीचा भाव पाडला जातो.

ऑनलाइन मागवत असाल तर परत पाठवण्याची मुदत आणि वाहतुकीचा विमा आधी वाचा. पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा.

फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे मिटलं नाही तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दुकान मुंबईचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

अंगठी सैल-घट्ट करायला गावातल्या सोनाराकडे देताना रंग प्रक्रियेचा आहे की नैसर्गिक हे त्याला सांगा. फुंकणीच्या आचेने प्रक्रियेचा रंग बदलू शकतो, आणि लेप दिलेला दगड आम्लात किंवा सफाईच्या यंत्रात घातला तर लेप उतरतो. काम करताना दगड काढून ठेवायला सांगा. देण्याआधी आणि परत घेताना, दोन्ही वेळा भिंगातून नंबर जुळवून बघा.