झिजायचं कुणी?

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. बाळास,

आजोबांची येझदी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून तू सगळे बुश काढून ठेवलेस आणि विचारलंस, "मामा, सगळ्यात टिकाऊ धातू कुठला?" बाळा, प्रश्नच चुकला. झिजायचं कुणी, हे आपल्याला ठरवता यावं म्हणून तर पिनेभोवती बुशाची नळी घालतात. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. बुश उद्या दुसरा कातून मिळेल. चांगला जुना कनेक्टिंग रॉड शोधत फिरावं लागेल.

हे शहाणपण मला फुकट मिळालं नाही. तुझ्या वयाचा असताना मी एका गाडीच्या स्विंग आर्मला स्टीलचा बुश कातून बसवला. एकदाच करायचं, परत बघायला नको, असा हिशेब. पण पिनही स्टीलची, बुशही स्टीलचा. ग्रीस सरलं की असे सारखे धातू एकमेकांना धरतात आणि ओरबाडतात. एका पावसाळ्यात पिनेवर नांगरल्यासारखे चरे पडले.

म्हणून पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनेच्या बुशाला फॉस्फर ब्राँझच घे. तांब्यात साधारण १० टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस. तो ठोके सोसतो, पेट्रोलमधून येणाऱ्या तेवढ्याशा तेलावर भागवतो आणि तरी पिनेहून मऊ राहतो. दुकानात रंगावर फसू नकोस. एक कात मारून बघ : पितळ पिवळंधमक दिसतं, ब्राँझला लालसर झाक असते. पितळ ठोक्याखाली लवकर ढिलं पडतं.

स्विंग आर्मला नायलॉन घालावा, असं कुणी सुचवेल. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. आपल्याकडच्या पावसात पिनेला आवळून बसेल. तिथंही ब्राँझच बरा, फक्त ग्रीसची खाच ठेव. शॉकअपच्या डोळ्यातला रबरी बुश मात्र रबरीच ठेव. तिथं रबर घासत नाही, पिळतं आणि हादरे गिळतं. त्याला ग्रीस लावू नकोस, रबर फुगून सडेल.

धातू बरोबर आणि माप चुकीचं, तर सगळं पाण्यात. बुश हातोड्यानं ठोकू नकोस; व्हाइसमध्ये किंवा प्रेसवर सरळ दाब. दाबल्यावर त्याचं भोक थोडं आवळतं, म्हणून आतलं माप आधी पुरं करायचं नाही. बसवून झाल्यावर रॉडच्या तेलाच्या भोकासमोर बुशालाही भोक पाड आणि मग रीमर फिरव. तेल लावलेली पिन अंगठ्यानं दाबल्यावर सरकावी, सोडल्यावर आपल्या वजनानं पडू नये आणि हलवल्यावर डुगडुगू नये.

जुने बुश भंगारात टाकू नकोस. बुश बसतो त्या भोकाचं माप घेताना बाहेरचा व्यास त्यांवर पडताळता येईल. शिवाय ते बोलतात. बुश दोन्ही तोंडांना समोरासमोरच्या बाजूंनी खाल्लेला असेल, तर रॉड वाकडा आहे का ते आधी तपास. तसं असेल तर सोन्याचा बुश घातलास तरी तो असाच जाईल.

रविवारी रॉड, पिन आणि जुना बुश घेऊन ये. टर्नरकडे जाण्याआधी पिन मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी मोजू. तीच झिजली असेल, तर बुशाचं बोलणं नंतर.

तुझा,
मामा