बडोदे : राजाश्रयाकडून सहवासाकडे

विश्वामित्रीच्या काठी वसलेले बडोदे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गायकवाडांच्या अमलाखाली आले आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्या घराण्याच्या ताब्यात राहिले. राज्यकर्ते मराठी आणि प्रजा बहुतांशी गुजराती अशा या नगरात मराठी लेखक व कलावंत प्रथम आले ते राजाश्रयामुळे, म्हणजे दरबारच्या वेतनामुळे व मानामुळे. तथापि तो आश्रय संपल्यावरही लेखक आणि चित्रकार येथे येत राहिले व रमले, कारण बडोद्याने त्यांना नुसते वर्षासन न देता हाताला काम आणि त्या कामातले सोबती दिले.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत मौलाबक्ष यांच्याकडे सोपवलेली गायनशाळा (१८८६) आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेले, कला व तंत्र यांचे शिक्षण देणारे कलाभवन (१८९०) या संस्था उभ्या राहिल्या. पुढे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १८८९ मध्ये महाराजांचे वाचक म्हणून रुजू झालेले गोविंद सखाराम सरदेसाई राजपुत्रांना शिकवता शिकवता ‘रियासतकार’, म्हणजे ‘रियासत’ या इतिहासग्रंथमालेचे कर्ते झाले, चिं. वि. जोशी यांनी पाली भाषेचे अध्यापन सांभाळून चिमणराव या विनोदी व्यक्तिरेखेला जन्म दिला, चंद्रशेखर आणि त्यांच्यानंतर यशवंत यांना राजकवीपद लाभले, तर कवी माधव जूलियन यांचा जन्मच या शहरातला. बडोद्याची नोकरी ही बहुतेकांच्या बाबतीत लेखनाच्या आड न येता त्याला खतपाणी घालणारी ठरली, हे येथे विशेषत्वाने नोंदवावे लागते.

हे वातावरण दरबारापुरते राहिले नाही, याचे श्रेय ग्रंथालयांच्या चळवळीला जाते. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून, महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभारण्यात आले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. मांडवी भागातील या ग्रंथालयाच्या भांडारात लोखंडी मांडण्यांचे मजले एकावर एक चढवलेले असून त्यांच्या फरशा जाड काचेच्या आहेत, त्यामुळे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुढच्याच वर्षी ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि या परंपरेला नवा आधार मिळाला. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, बंगालचे शंखो चौधुरी आणि केरळचे के. जी. सुब्रमण्यन् येथे शिकवू लागले. १९५६ मध्ये ‘बरोडा ग्रुप’ हा चित्रकारांचा गट तयार झाला. गुलाममोहम्मद शेख कवितेत आणि चित्रात सारख्याच सहजतेने वावरले, तर मुंबईहून आलेले भूपेन खख्खर हिशेबनिसाची नोकरी करून चित्रे, कथा व नाटके निर्माण करत राहिले. या दोघांनी १९६९ पासून काही वर्षे ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालवले. विद्याशाखेच्या कलामेळ्यासाठी शिक्षक आणि विद्यार्थी खांद्याला खांदा लावून लाकूड, चामडे व मणी यांची खेळणी घडवत, आणि अशा एकत्र कामातून परप्रांतीय तरुण हळूहळू बडोद्याचा होऊन जाई.

बडोद्याला येणाऱ्यांनी ही परंपरा प्रत्यक्ष पाहावी. एकोणिसाव्या शतकातील दिवाण भाऊ तांबेकर यांच्या लाकडी वाड्यात भित्तिचित्रे, म्हणजे थेट भिंतीवर रंगवलेली चित्रे, असून त्यांत पौराणिक प्रसंगांच्या शेजारीच युरोपीय पेहरावातील माणसेही दिसतात. गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरात शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत आणि सुब्रमण्यन् हे त्यांचेच विद्यार्थी होते.

मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा भरले. पहिल्या तिन्ही वेळी येथे संस्थानी राजवट होती, तर चौथ्या वेळी यजमानपद मराठी वाङ्मय परिषदेने, म्हणजे येथील साहित्यप्रेमी नागरिकांच्या संस्थेने, स्वीकारले. एकेकाळी दरबाराने उचललेली जबाबदारी पुढे नागरिकांनी आपली मानली, आणि त्यामुळेच येथे येणाऱ्या लेखक-कलावंताला आजही परके वाटत नाही.