पाचवे शील आणि दारू सोडतानाचे पहिले पाच दिवस

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. पंचशील ग्रहण करताना पाचवे शील आपण दर वेळी म्हणतो. तरीही वस्तीत रोज पिणारे वडील, भाऊ, मुलगे आहेत. त्यातला एखादा वर्षावासात निश्चय करतो आणि एका दिवसात दारू बंद करतो. निश्चय मोलाचा आहे. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला अशा वेळी औषधाचीही गरज असते.

असे का होते?
दारू मेंदूला सुस्त करते. रोज प्यायल्याने मेंदू त्या सुस्तीविरुद्ध जोर लावून काम करू लागतो. दारू अचानक थांबली की तो जोर उफाळून येतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत काहींना भास होतात, ते बरळतात, घरच्यांना ओळखत नाहीत. आम्ही वस्तीत काम करताना पाहतो, की लोक याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. ही बाधा नाही, आजार आहे. उपचार न मिळाल्यास यात जीवही जातो.

काय करावे?
• रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच दारू सोडावी. पूर्वी फिट आली असेल तर दवाखान्यात भरती होऊनच.
• फिट, भास किंवा तापासोबत बरळणे दिसले तर लगेच सरकारी रुग्णालयात न्या. किती आणि कधीपासून पितो, हे न लपवता सांगा.
• दारू सोडवणारी पूड किंवा गोळी डाळीत लपवून देऊ नका. काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम घसरतो.

त्यानंतर काय?
औषधाने शरीर सावरते, पण व्यसनाचे मूळ राहते. त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. अशा केंद्रांत पुरुषांचा विभाग वेगळा असतो. ‘पुरुषाने रडायचे नाही’ हे ऐकत वाढलेला माणूस कर्ज, बेकारी, अपमान यांविषयी चारचौघांत बोलत नाही. तिथे त्याच वाटेने गेलेल्यांच्या गटात तो बोलू लागतो. पत्नी आणि आईवडिलांशीही समुपदेशक बोलतात.

मारहाण करणारे, साखळीने बांधणारे केंद्र टाळा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी आहे. माहितीसाठी १४४४६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा.

उपचारानंतर कोणी पुन्हा घसरला तर त्याला हिणवू नका, पुन्हा उपचाराला न्या. विहारात त्याची जागा राखून ठेवा. मैत्री आणि करुणा यांची खरी गरज तेव्हाच असते.

जयभीम!