रात्रीचा दम : छातीचा की हृदयाचा?

"डॉक्टर, बाबांना दमा उसळलाय," असे म्हणत एक मुलगा वडिलांना रात्री दोन वाजता घेऊन आला. वय ६२. आयुष्यात कधी दमा नाही. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका मात्र येऊन गेलेला. आठ दिवस तीन उशा घेतल्याशिवाय झोप नव्हती, मध्यरात्री जीव गुदमरला की उठून खिडकीशी बसायचे. हा दमा नव्हे. फुप्फुसात पाणी साठले होते आणि दोष हृदयाचा होता.

असे का होते? फुप्फुसात शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येते व तेथून मिनिटाला सुमारे ५ लिटर या हिशेबाने शरीरभर जाते. झटक्याने, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने किंवा झडप खराब होऊन ही बाजू थकली, की आलेले रक्त पुरते पुढे जात नाही. मोरी पुढे तुंबली की पाणी मागे घरात चढते, तसे ते फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत तुंबते. दाब वाढला की रक्तातले पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत उतरते. आडवे झाल्यावर पायांकडचे रक्तही छातीकडे येते, म्हणून त्रास रात्री जास्त. खरा दमाही रात्रीच बळावतो. तेव्हा ईसीजी, एक्स-रे, इको या तपासण्यांशिवाय घरीच निदान करू नये.

पावले सुजणे, तीन दिवसांत वजन दोन किलो वाढणे ही आधीची सूचना असते. गुलाबी, फेसाळ थुंकी दिसली तर क्षणाचाही विलंब नको. रुग्णाला झोपवू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा आणि १०८ ला फोन करा. आणि कृपा करून "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" असा आग्रह धरू नका! बुडणाऱ्याच्या तोंडात तांब्या ओतण्यासारखेच ते आहे.

या गृहस्थांना प्राणवायू आणि लघवी होण्याचे इंजेक्शन देऊन लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. चार दिवसांनी ते घरी आले. मग उलगडा झाला. पुतणीच्या लग्नाला जाताना एसटीत लघवीची अडचण नको म्हणून त्यांनी गोळी बंद केली होती, ती पुन्हा सुरू केलीच नाही. वर लग्नघरचे पापड-लोणचे! प्रवासाच्या दिवशी ती गोळी मुक्कामी पोचल्यावर घेता आली असती. एवढे विचारायला ते दवाखान्यात आले असते, तर मी फीदेखील घेतली नसती.