नदीकाठचे गाव : मेणवली
(परिसर-अभ्यासाचा सहलपाठ – इयत्ता चौथी व पाचवी)

सहलीहून परतलेली मुले निबंधात बहुधा असे लिहितात, ‘आम्ही नदी पाहिली, देऊळ पाहिले, खाऊ खाल्ला, फार मजा आली.’ मजा यावी हे योग्यच. तथापि तेवढेच पदरी पडले, तर पाठ झाला असे म्हणता येणार नाही. पाहिलेल्या वस्तूस प्रश्न विचारण्याची व ऐकलेली गोष्ट पडताळून पाहण्याची सवय मुलांस लागावी, हा या पाठाचा हेतू होय. त्यासाठी सातारा जिल्ह्यातील मेणवली हे कृष्णाकाठचे लहानसे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. ते वाईपासून अवघ्या तीन-चार किलोमीटरांवर आहे.

पूर्वतयारी

आदल्या दिवशी फळ्यावर कृष्णेचा नकाशा काढावा. महाबळेश्वरास उगम पावलेली ही नदी धोम, मेणवली, वाई अशी वाहत येते, साताऱ्याजवळ माहुलीस तिला वेण्णा मिळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून ती बंगालच्या उपसागरास मिळते, हे मुलांकडून बोटाने दाखवून घ्यावे.

मेणवलीच्या वरच्या अंगास धोम धरण आहे. धरणातून पाणी सोडले म्हणजे आकाश निरभ्र असतानाही पात्रातील पाणी वाढते. म्हणून घाटावर उतरण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसांकडे चौकशी करावी. मुलांस शेवटच्या ओल्या पायऱ्यांवर जाऊ देऊ नये. पायऱ्यांवरील शेवाळ दिसत नाही, पण पाय घसरवते. सहलीत शिक्षकाचे पहिले कर्तव्य मुले मोजून नेणे व मोजून आणणे हे आहे. वाडा पाहण्यासाठी संबंधितांची परवानगी आगाऊ घ्यावी.

घाटावर

वाड्याच्या मागे दगडी पायऱ्यांचा घाट आहे व त्यावर देवळे आहेत. येथे मुलांस विचारावे : पायऱ्या इतक्या का बांधल्या? दोन-तीन पुरल्या नसत्या काय? उन्हाळ्यात पाणी खाली जाते, पावसाळ्यात वर चढते. पाणी कोठेही असले तरी माणसास त्याच्यापर्यंत पोहोचता यावे, म्हणून घाट उंच बांधतात. हे उत्तर शिक्षकाने सांगू नये, मुलांनीच शोधावे.

घंटेपाशी

मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शंकराच्या देवळापाशी ही आकृती कशी आली, असा प्रश्न चौकस मुलाच्या मनात उभा राहतोच.

ही घंटा १७०७ सालची आहे. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील घंटा महाराष्ट्रात ठिकठिकाणी आल्या; त्यांतीलच ही एक. वाडा नाना फडणविसांचा, म्हणून ‘नानांनी लढाईत ही घंटा जिंकली’ असे एखादा मुलगा म्हणेल. त्याला ‘चूक’ म्हणू नये. फळ्यावर तीन सन लिहावेत : १७०७, १७३९ आणि नानांच्या जन्माचा १७४२. वजाबाकी मुलांनीच करावी. वसई जिंकली तेव्हा घंटा ३२ वर्षांची होती आणि नाना जन्मास यावयास अजून ३ वर्षे होती! तेव्हा नाना त्या लढाईत असणे शक्यच नाही. केवळ वजाबाकीने एक ऐकीव समजूत खोटी ठरते, हा अनुभव मूल सहसा विसरत नाही.

वाड्यात

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील या वाड्यात चौक व भिंतींवरील चित्रे पाहावीत. चित्रांस हात लावू देऊ नये. येथे नानांचे दप्तर होते. ते पुढे ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित झाले. नाना १८०० साली वारले. पण कागद राहिले, म्हणून त्यांचा काळ आपणास कळतो. आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर हेही एक दप्तरच आहे, हे येथे अवश्य सांगावे.

वाईस

परतताना वाईच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे देऊळ पाहावे. ते गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. त्याची मागील भिंत माशासारख्या आकाराची, निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दोहों बाजूंस फुटावा, अशी ही योजना. शाळेत परतल्यावर वाहत्या पाण्यात एक सपाट व एक निमुळता मातीचा गोळा ठेवून मुलांनी फरक पाहावा. याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले, हेही मुलांस सांगावे.

वाई म्हणजे विराटनगरी व जवळचा पांडवगड पांडवांचा, अशा आख्यायिका मुले ऐकतील. त्या आवडीने ऐकाव्यात, परंतु वहीत ‘ऐकले’ या रकान्यातच लिहाव्यात.

स्वाध्याय

१. वहीत ‘पाहिले’, ‘ऐकले’ व ‘पडताळले’ असे तीन रकाने आखा व प्रत्येकात तीन-तीन गोष्टी लिहा.
२. आपल्या गावच्या नदीस अथवा ओढ्यास आलेल्या मोठ्या पुराविषयी आजी-आजोबांस विचारा. पाणी कोठवर आले होते, त्या जागेची खूण पाहून या.
३. आपल्या गावातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? ती जुनी आहे हे कशावरून?

मेणवलीस जाणे प्रत्येक शाळेस शक्य होणार नाही. तथापि ‘कशावरून?’ हा प्रश्न कोणत्याही ओढ्याच्या काठी विचारता येतो. तो विचारण्याचे धैर्य मुलांत येईल, तेव्हाच हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.